कळी कुणाकडे वळते

२८ नोव्हेंबर

आले एकदाची स्वतःच्या घरात! भाड्याचं असेना का, किल्ली माझ्या मुठीत आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, मोठी खिडकी, खाली घरमालकीण. भाऊ म्हणाला, या वयात एकटी राहून काय दिवे लावणार आहेस? दिवे नाही, म्हटलं, फुलं लावणार आहे. जानेवारीत माझी लेक येतेय, बाळ होईपर्यंत राहायला. भावाकडे तिला भावजयीच्या तोंडाकडे बघत बसावं लागलं असतं. इथे ती पाय पसरून बसेल आणि समोर खिडकीत ट्यूलिप फुललेले असतील, भर थंडीत.

कंद भावाच्या फ्रिजमध्ये, भाजीच्या कप्प्यात गार करून आणलेत. भावजयीने त्यातला एक कांदा समजून चिरला होता. भाजी कडू झाली तेव्हा कुठे बाईसाहेबांना कळलं.

३० नोव्हेंबर

कंद कुंड्यांत बसवले. आता मुळं धरेपर्यंत त्यांना अंधार आणि गारवा हवा. घरमालकिणीने जिन्याखालची कोठी वापरायला दिली. मागच्या फळीवरच्या कुंडीला तेवढा हात लावू नका, आहे तिथे बरी आहे, म्हणाली. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

मला नको म्हटलं की संपलंच. कुंडीत कोरडी ठक्क माती आणि मुठीएवढा कंद. अंगठ्याने दाबून पाहिला. टणक! इतके दिवस पाण्यावाचून पडून तो भुसभुशीत व्हायला हवा होता. टणक कंद म्हणजे जिवंत कंद, आणि जिवंत कंद अडगळीत टाकायला मी काय भावजय आहे? अंधार याने पुरेसा भोगलाय. वर आणला, पाणी घातलं.

९ डिसेंबर

कोंब आला, पांढराफटक. खिडकीत ठेवूनही हिरवा होत नाही. कोंब उजेडाकडे झुकतात, म्हणून कुंडी रोज थोडी फिरवायची असते, म्हणजे दांडा सरळ वाढतो. हा खिडकीला भीकच घालत नाही. माझ्या खुर्चीकडे झुकतो. खुर्ची दुसरीकडे सरकवली, तर दुपारपर्यंत स्वारी तिकडे. आगाऊ आहे. मला हसूच आलं.

२० डिसेंबर

ट्यूलिप वर आणले आणि त्यांनी माना टाकल्या. या कुंडीजवळचे सगळ्यात आधी. जिवाला लागलं. माझे हातही गार पडतात, गरम कप धरला तरी चटका कळत नाही. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. वयाचं म्हणे! पांढऱ्या दांड्यावर कळी मात्र रोज टपोरी होतेय.

२७ डिसेंबर

आज कात्री चालवली. दांडा छाटला आणि माझा डावा हात खांद्यापासून लुळा पडला. जेवणवेळेपर्यंत दांडा पुन्हा होता तसा, कळीसकट. हात हलू लागला, पण गार. भीती वाटली. लिहूनच टाकते, भीती वाटली. मग राग आला.

खाली जाऊन घरमालकिणीला धारेवर धरलं. रडायला लागली. आधीची भाडेकरू कपडे शिवायची, म्हणे. तिनेही हा कंद रुजवला होता. कळी माणसाची ऊब पिते, जिकडे जास्त ऊब तिकडे वळते. फेकायला जाणारा वाटेतच कोसळतो. गारठ्यात, अंधारात निजते, पण एकटी निजत नाही. शेवटी ती शिवणारीच कुंडी घेऊन कोठीत बसली. दार उघडलं तेव्हा कळी सुकलेली होती आणि ती बाईसुद्धा—

घर सोडून जा, म्हणाली. मी गेले तर ही तुमच्याकडे वळेल ना, विचारलं. खाली मान घालून आत गेली. नाही सोडणार. एका फुलाला भिऊन भावाच्या दारात उभी राहू?

३ जानेवारी

लेकीला फोन केला, येऊ नकोस. तिला वाटलं, मामाने माझे कान भरले. गाडीत बसलेसुद्धा, म्हणाली. "आई, तुझ्या घरी नाही यायचं तर कुठे जायचं मी?"

फोन ठेवून मागे पाहिलं. कळी माझ्याकडे नव्हती. दाराकडे वळली होती.

दोन जिवांची ऊब येतेय. तिला कळलंय.

४ जानेवारी, सकाळ

फिरवली. परत दाराकडे. फिरवली. परत.

माझी हवी तेवढी पी, सटवे. त्या दोघांची नाही.

४ जानेवारी, दुपार

कोठीत. कडी दोरीने आतून आवळलीय. कुंडी मांडीत. फटीतून येणाऱ्या उजेडात लिहितेय. घरमालकिणीला सांगितलंय, लेकीला थेट वर न्या, गरम काहीतरी द्या, खिडकीपाशी बसवा. एक ट्यूलिप वाचलाय, लाल. तेवढा तिला दिसेल.

पाय कळत नाहीत. कळी मिटायला लागलीय—

जिन्यावर पावलं. तिचीच, जड. हाक मारतेय. "आई!"

ओ देणार नाही. जा, वर जा, बाळा—

कळी उघडली. दाराकडे. फिरवली.

परत वळली. बघूच कोण आधी दमतं ते. जन्मभर कुंड्या फिरवल्यात मी.

परत. फिरवली.

परत— मी पण पर