हळू आवाजाची चाचणी

६ मार्च, सोमवार

तिसऱ्या पानावरच मेलं! बारा पानांची टिपणं, वर ठसठशीत मथळा — ‘नव्या माणसासाठी: लॅपटॉप कामाला तयार करणे. वेळ: अर्धा दिवस.’ अर्धा दिवस म्हणे! संध्याकाळचे सहा वाजले आणि माझ्या पडद्यावर लाल अक्षरांखेरीज काही नाही.

टिपणं लिहिली जेगाल नावाच्या माणसाने. तो गेल्या वर्षी सोडून गेला, त्याच्या जागी मी. आमचा गटप्रमुख प्यो दिवसभरात दोनदा पाठीमागून डोकावला. “झालं का, जिनबाई?” मी म्हटलं, टिपणांत लिहिलेली सॉफ्टवेअरची आवृत्ती आता मिळतच नाही. तर म्हणतो, “आमच्या सगळ्यांच्या मशिनवर चालतंय.” आणि गेला कॉफी आणायला.

बारा वर्षांनी नोकरी लागली आहे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा सोडली होती. त्या जाऊन वर्ष झालं. मोकपो शहरात चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला प्रोग्रॅमरची नोकरी कोण देतं? या कंपनीच्या मोसाहेबांनी दिली. तीन महिने परीक्षा, मग कायम. पहिलं काम सोपं आहे — बेटांवरच्या म्हाताऱ्या माणसांच्या घरात आमच्या कंपनीचा बोलणारा खोका असतो, गावची सूचना इथून टाइप केली की तो भिंतीवरून वाचून दाखवतो. फार भरभर वाचतो, कळत नाही, अशी तक्रार आहे. त्याला हळू बोलायला लावायचं. बस. दोन दिवसांचं काम. पण आधी हे मशिन तर उठू दे!

७ मार्च

आजही नाही.

८ मार्च, बुधवार

जुनी आवृत्ती एका कोपऱ्यातून शोधून काढली. ती बसली. मग पासवर्ड चुकीचा. टिपणांत जो लिहिलाय तो दोन वर्षांपूर्वीच बदलला — “सगळ्यांना माहीत आहे,” इति प्यो. मला नाही ना माहीत! मी सगळ्यांत नाही?

मग ‘फाइल सापडत नाही’. फाइल समोर आहे. डोळ्यांना दिसते. उघडते. तरी म्हणे सापडत नाही. चार तास!

जेवताना प्यो टेबलावर सगळ्यांदेखत: “जिनबाई, तुमच्या वेळी कॉम्प्युटरला चावी द्यावी लागायची का हो?” पोरं हसली. मीही हसले. का हसले? स्वतःचाच राग आला. भाताचा घास तसाच तोंडात फिरत राहिला.

९ मार्च, गुरुवार

सापडलं! आणि सापडल्यावर लॅपटॉप खिडकीतून समुद्रात भिरकावावासा वाटला.

माझं नाव! लॅपटॉप देताना कुणीतरी खातं उघडलं ते माझ्या नावाने, कोरियन लिपीत — जिन मि ओक. त्यामुळे माझ्या सगळ्या फाइली त्या नावाच्या कप्प्यात. आणि एका जुन्या सॉफ्टवेअरला इंग्रजी अक्षरांपलीकडे वाचता येत नाही. ते माझ्या नावाच्या जागी काय बघतं? तीन प्रश्नचिन्हं. दोन दिवस ते तीन प्रश्नचिन्हांना शोधत होतं आणि मी त्याला शिव्या घालत होते.

नवं खातं काढलं, इंग्रजी अक्षरांत. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

प्योला सांगितलं. “हो, ते तर ठाऊकच आहे. इंग्रजीत नाव घालायचं असतं.” कुठे लिहिलंय? कुठे लिहिलंय ते दाखव, गाढवा! — असं म्हटलं नाही. “बरं,” म्हटलं.

१० मार्च

दलहो जहाजाच्या कारखान्यातून आला तोवर मी भांडी आपटत होते. नवरा बिचारा दारातच थबकला. “कोण गेलं?” म्हणाला.

“पाचवा दिवस. अजून एक ओळ लिहिली नाही मी.”

“मग राहू दे की. घरात कुणी उपाशी आहे का?”

तो बरं वाटावं म्हणून बोलला, ठाऊक आहे. पण मला एवढं लागलं! बारा वर्षं मी राहूच दिलं होतं ना? त्याच्याशी झोपेपर्यंत बोलले नाही.

१४ मार्च, मंगळवार

काल एक्केचाळीस चुका होत्या. आज एक. एकच लाल ओळ — ‘खोक्याशी संपर्क नाही.’

अकराव्या पानावर लिहिलंय: चाचणीसाठी खोटा खोका सुरू करावा, त्याचा पत्ता माझ्याकडून घ्यावा. — जेगाल. आता जेगाल कुठून आणू? बारावं पान म्हणजे नुसतं ‘अभिनंदन, तुमचं मशिन तयार आहे’. डोंबल!

प्योकडे गेले. म्हटलं, खोटा खोका कुठे आहे? तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, “उद्या माझी फाइल पाठवतो. ती टाका आणि आता तरी रडगाणं आवरा. चोवीस तारखेला मोसाहेबांना काम दाखवायचंय, तुमच्यामुळे माझी मान खाली नको.”

एवढंच होतं तर पहिल्या दिवशी का नाही दिलीस रे?

१५ मार्च, दुपार

चाललं!! डबा उघडायच्या आधी लिहितेय. फाइल टाकली आणि सगळे दिवे हिरवे. ‘एक, दोन, तीन’ पाठवलं — गेलं! बोलण्याचा वेग कमी करायच्या ओळी तर आठवडाभर डोक्यात तयार होत्या. पंधरा मिनिटांत लिहून टाकल्या. मग नमुन्याच्या सूचनांतली सर्वांत लांब, सहावी, पाठवली. ‘समुद्राचं पाणी चढत आहे. सर्वांनी ताबडतोब शाळेच्या टेकडीवर जावे.’ हळू वेगात, पाच वेळा. पाचही वेळा गेली.

विसरले नव्हते मी! ऐक, प्यो, विसरले नव्हते!

१५ मार्च, संध्याकाळ

खोटा खोका नव्हताच.

दीड वाजता फोन वाजला. प्योने उचलला, आणि पलीकडचा आवाज एवढा मोठा की सगळ्या खोलीला ऐकू आला. नुल्दो बेटाची सरपंच, चन आजी. “कोण आहे रे ती बाई? पाणी कुठाय? आम्ही चौपन्न माणसं टेकडीवर पावसात भिजतोय, आणि समुद्र तर गपगार पडलाय! पायऱ्यांवरून बन म्हातारा घसरला, उठत नाहीये. होडी पाठवा!”

प्यो पांढराफटक. फोन ठेवून माझ्याकडे वळला. “आवाज शून्यावर ठेवला नव्हता?”

“कुठला आवाज?”

“मशिनवरून खोक्यांचा आवाज शून्य ठेवायचा असतो चाचणीच्या वेळी. सगळ्यांना माहीत आहे!”

“म्हणजे तुम्ही सगळे रोज खऱ्या घरांत चाचणी करता? आवाज बंद करून?”

चार टेबलं, चार माणसं, आणि एकाचीही मान वर नाही.

बन आजोबांचं वय शहाऐंशी. खुब्याचं हाड मोडलंय. मोकपोच्या इस्पितळात आणलंय.

१६ मार्च, गुरुवार

मोसाहेबांनी आत बोलावलं. बार्लीचा चहा दिला. मग एक कागद सरकवला — जिल्हा कचेरीला माफीचं पत्र. ‘नव्या कर्मचाऱ्याने कार्यपद्धती न पाळल्यामुळे.’ खाली माझ्या सहीची जागा.

“कार्यपद्धती कुठे लिहिली आहे, साहेब?”

“जिनबाई, तुम्ही समजूतदार आहात. पुढच्या महिन्यात जिल्ह्याशी करार पुन्हा व्हायचाय. नवं माणूस चुकलं म्हटलं की लोक समजून घेतात. कंपनी चुकली म्हटलं की अठरा जणांची घरं बसतात. सही करा. परीक्षेचा काळ आजच संपला असं समजा. कायम करतो तुम्हाला.”

कायम! दहा दिवस ज्या शब्दासाठी दात-ओठ खात बसले तो असा मिळतोय, बक्षीस म्हणून.

“वाचून सांगते,” म्हटलं. अंगाचा नुसता तिळपापड. बाहेर आले तर प्यो कॉफी घेऊन उभा. माझ्यासाठी! घेतली नाही.

१७ मार्च

जेगालचा नंबर मिळवला. तो आता वांदोला सासऱ्याच्या शेडमध्ये समुद्री शेवाळाचे पापड वाळवतो. मी नाव सांगितलं, झालं ते सांगितलं.

“कुणाला लागलं?” त्याने पहिलं हेच विचारलं. आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं. मीही नाही.

मग म्हणाला, “टिपणांची चौदा पानं होती, बाई. बारा नाही.”

त्याने चौदाही पाठवली. तेरावं पान: ‘धोका! सर्वांच्या फाइलीत नुल्दोच्या खऱ्या घरांचा पत्ता आहे. तातडीने काढावा. तीनदा सांगितलं आहे.’ चौदाव्यावर खोटा खोका कसा उभा करायचा ते. तारीख तीन वर्षांपूर्वीची. दोन पानं कुणी काढली? “मला विचारू नका,” म्हणाला. “पाहुण्यांना, जिल्हेवाल्यांना दाखवायची असतात ना टिपणं. बरं दिसत नाही म्हणाले.”

त्या चौदाव्या पानाबरहुकूम केलं. चाळीस मिनिटांत खोटा खोका उभा राहिला. चाळीस मिनिटं!!

१८ मार्च, शनिवार

नुल्दोला जाऊन आले. कंपनीने पाठवलं नाही, माझी मी गेले. बोटीत अडीच तास, संत्र्यांची पेटी मांडीवर.

चन आजी धक्क्यावरच उभी होती. पंचाहत्तरीची असेल, रबरी बूट, हातात कालवं फोडायची सुरी. मी कमरेत वाकून माफी मागितली.

“तूच का ती हळू बोलणारी?”

“आवाज यंत्राचा होता, आजी. पाठवलं मी.”

“नऊ वर्षं तो खोका भिंतीवर कचकच करतोय. एक अक्षर कधी कळलं नाही. वादळ येवो, डॉक्टर येवो, आम्ही आपले टीव्ही बघत बसतो. परवा पहिल्यांदा शब्दन् शब्द कळला. म्हणून तर चढले सगळे! मी स्वतः दारं ठोठावली. बन म्हातारा येत नव्हता. मीच ओढला त्याला — चल रे, या वेळी खरं आहे, ऐक किती नीट सांगतेय.”

मला वाटलं ती मला बरं वाटावं म्हणून बोलतेय. मान वर केली तर तिचे डोळे लाल.

“आता मला सांग, पोरी. पुढच्या वेळी पाणी खरंच आलं, तर मी कुणाच्या दारावर थाप मारू? आणि ते माझं ऐकतील?”

मी पेटी पुढे केली. संत्री तिने घेतली नाहीत. परतीच्या बोटीत पेटी तशीच मांडीवर.

सगळा राग मनातल्या मनात प्योवर निघाला. अख्खा रस्ता. ती दोन पानं, तो कॉफीचा कप, ती चावीची थट्टा.

२० मार्च, सोमवार

सही केली नाही. स्वतःचं निवेदन लिहिलं, सात पानं, जेगालची चौदा पानं जोडली. एक प्रत मोसाहेबांच्या टेबलावर, एक जिल्हा कचेरीत, स्वतःच्या हाताने.

मोसाहेब ओरडले नाहीत. “घरी जा. बोलावू,” म्हणाले.

दलहोला सांगितलं. मला वाटलं, म्हणेल सांगितलं नव्हतं का. तर म्हणाला, “सात पानं? दाखव.” सगळी वाचली, बोट फिरवत. “बरं केलंस,” म्हणाला.

२१ मार्च

घरी. किमचीचं मोठं मडकं तीनदा घासलं.

२४ मार्च, शुक्रवार

बोलावलं! जिल्हा कचेरीतून एक बाई आली होती, वयाने माझ्याएवढीच. तिने एकेका टेबलावर बसून फाइल उघडायला लावली. चारही जणांकडे नुल्दोचा पत्ता. प्योची बोटं कळफलकावर चालेनात. मी गंमत बघत उभी होते. हो, गंमतच. खोटं कशाला लिहू?

माफीचं पत्र नवं निघालं, कंपनीच्या नावाने. करार राहिला, पण सहा महिने जिल्ह्याचा माणूस तपासणार. प्यो आता गटप्रमुख नाही. मला कायम केलं, आणि टिपणं नव्याने लिहायचं काम माझ्याकडे. हळू आवाज सगळ्या बेटांवर जाणार.

निघताना प्यो जवळ आला. “जिनबाई, माझं चुकलं.” मी म्हटलं, “सगळ्यांना माहीत आहे.” त्याचा चेहरा! इतके दिवस पोटात धरलेलं एका वाक्यात गेलं.

दलहोने ताजा मासा आणला. पोटभर जेवले.

२८ मार्च, मंगळवार

बन आजोबांची मुलगी त्यांना इंचनला घेऊन गेली. आता चालता येणार नाही, बेटावर परतणार नाहीत. घर बंद. जिल्ह्याचं पत्र आलं — नुल्दोच्या यादीतून एक खोका कमी करावा. काम माझ्याकडे.

यादी उघडली. तिसरं नाव, बन सुन-चल.

हे मी कुठेच लिहिलं नाही. सात पानांत नाही, या वहीतही नाही. त्या दुपारी सहावी सूचना पाठवायच्या आधी ही यादी पडद्यावर आली होती. माणसांची नावं, घरांचे क्रमांक. हे नाव मी वाचलं होतं. बन, असं आडनाव कमी दिसतं म्हणून थांबले होते. वाटलं — ही खरी माणसं तर नसतील? प्योचं टेबल पाच पावलांवर होतं. विचारलं असतं तर पुन्हा हसला असता.

विचारलं नाही. बटण दाबलं.