उलटे करून दाखवलेले अभ्रे

अम्मा, तुला मातीत ठेवून इतकी वर्षं झाली, की आता तुझ्यापेक्षा माझंच वय जास्त आहे. तरी आज सुई ओवताना तुझाच आवाज कानात आला, "काय गो, हात आहेत की खुरपी?" म्हणून लिहायला बसले.

रत्नागिरीहून आपण बोटीने कुवेतला आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. अब्बांचं बाजारात शिंप्याचं दुकान, आणि आपण शहराबाहेर खैतानच्या वस्तीत, मातीच्या भिंतींच्या दोन खोल्यांत. मी शाळेचं नाव काढलं की तू म्हणायचीस, "आधी सुई धर." अब्बा दुकानातून चिंध्यांचं गाठोडं आणायचे आणि तू मला ठिगळांचे अभ्रे शिवायला बसवायचीस. पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून चौकोन कापायचे, ते जोडून पट्टी करायची, पट्टीला पट्टी लावायची. ऐकायला सोपं. माझ्या कोपऱ्याला कोपरा कधी भिडायचाच नाही. तू दोन्ही हातांनी कापड ताणून बघायचीस, फट दिसली की ब्लेडने सगळी शिवण उसवायचीस आणि तुकडे माझ्या मांडीत टाकायचीस. तोंडातून शब्द नाही. शब्द तू शेजारणी आल्या की काढायचीस.

पहिला अभ्रा कसाबसा पुरा झाला. दोऱ्याच्या गाठी मी चुकून वरच्या बाजूला घेतल्या होत्या. तू तो उशीवर चढवलास आणि म्हणालीस, "आता ह्याच्यावरच झोप." सकाळी माझ्या गालावर लाल ठिपके उठलेले. शेजारची खाला दारात उभी आहे, तू माझी हनुवटी धरून तोंड तिच्याकडे वळवतेस. "बघा, माझ्या लेकीची कलाकुसर." खाला हसत नाही. तू एकटीच हसतेस.

मग तो हिरवा झगा. ईदसाठी अब्बांनी माझ्या मापाने स्वतः शिवला होता, मी तो दोनदाच घातला होता. एका दुपारी तू तो पेटीतून काढलास आणि कात्री माझ्या हातात दिलीस.

"हिरवं कापड संपलंय. काप."

"अम्मा, हा नको."

"दुसऱ्यांचं कापड वाया घालवताना नाही रडलीस?"

मी कापला. अब्बा घरी आले, चटईवरचे हिरवे चौकोन त्यांनी बघितले आणि ते हात धुवायला गेले. त्या दिवशी माझे चौकोन पहिल्यांदा सरळ आले. ह्याचा मला अजून राग येतो.

पंधरावं सरलं आणि स्थळ आलं. बंदरावरचा मुकादम, चाळिशीचा, बायको वारलेली, पदरी तीन मुलं. त्याची बहीण मला बघायला आली. बैठकीवर माझे अभ्रे मांडलेले होते. तिने एकावरून हात फिरवला, "छान आहेत हो. मुलीने शिवले?" मी चहाचा ट्रे घेऊन उभी. तू उठलीस, उशीवरून तो अभ्रा ओढून काढलास आणि तिच्यासमोर उलटा केलास.

"आतून बघा. गाठीच गाठी. चार वर्षं शिकवतेय. हात नाही, डोकंही नाही."

बाई चहा अर्धा ठेवून गेली. परत निरोप आला नाही. पुढच्याच आठवड्यात अब्बांनी तुला न विचारता मला शाळेत घातलं. मी लहान मुलींच्या शेजारी बसून शिकले, पुढे शिक्षिका झाले.

माझी मुलगी तुझ्याबद्दल विचारते तेव्हा मी तिला ही स्थळाची गोष्ट सांगते. सांगते, की आजीला तो नवरा पसंत नव्हता, उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून तिने मुद्दाम मला नावं ठेवली आणि वाचवलं. मुलगी म्हणते, "शी वॉज सो क्लेव्हर, मम्मी." मी मान डोलावते.

पण ती बाई गेल्यावर तू दार लावलंस आणि माझ्या थोबाडीत मारलीस. "चांगलं चालून आलेलं स्थळ तुझ्यामुळे गेलं," म्हणालीस, आणि खरोखरीचं रडलीस. हे मी मुलीला सांगत नाही. हे पत्रही तिच्या हाती लागणार नाही असंच ठेवीन. तुझी लाज राखायला नाही, अम्मा. मला चांगली आई होती असं कुणाला तरी वाटावं, एवढंच.