वालूरच्या विहारातली 'मेहर'

प्रिय दादा,

काल वालूरहून आले, आणि आल्यापासून घरात कुणाला धड काही सांगताच येईना. शेवटी वहिनीच म्हणाली, "ताई, ज्यांना सांगायचंय त्यांनाच लिहा की." म्हणून तुझ्या टेबलापाशी बसलेय. तुला जाऊन वर्ष होत आलं. दादा, मेहर सापडली रे!

तू असतास तर एवढ्यावरच उठून पायात चप्पल घातली असतीस. थांब, नीट सांगू दे.

उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केलीस, पण तिकीट देता देता तुझं दुसरंच काम चालायचं. जुनं माणूस दिसलं की विचारायचास, तुमच्या गावात ऑर्केस्ट्रा होता का, गायन पार्टी होती का, त्यांचे ॲम्प्लिफायर कुठंयत. गिटार जोडून वाजवायचे ते लाकडी, व्हॉल्व्हचे डबे. मोठ्या कंपनीचे तुला नकोच असायचे. सोनपेठच्या मंडपवाल्याच्या गोदामातून आणलास तो नांदेडच्या कुणा कारागिरानं बनवलेला. पिंगळीच्या रिटायर गँगमनकडचा सेलूच्या रेडिओवाल्यानं जुळवलेला, आणि त्यात उंदरानं घर केलेलं. वहिनीनं तो चार दिवस अंगणातच ठेवला होता, आठवतं?

पण तुझा जीव अडकला होता मेहरमध्ये. परभणीच्या हमीदमियाँनी आपल्या दुकानात मोजकेच डबे बनवले आणि प्रत्येकावर बायकोच्या, मेहरुन्निसाखालाच्या नावाची 'मेहर' अशी पत्र्याची पट्टी ठोकली. बेस गिटारचा, तू वाजवायचास त्या खर्जाच्या गिटारचा, मात्र एकच, तुमच्या ऑर्केस्ट्रासाठी. ऑर्केस्ट्रा मोडला तशी तो कुठं गेला कुणालाच सांगता येईना. बाकीचे डबे लोकांनी फोडून आतलं सामान काढून घेतलं. खालाच्या घरात तिच्या नावाचा एकही डबा उरला नाही. आणि तू तिला शब्द देऊन बसलास, की खाला, तुमची मेहर आणून ऐकवतो. असे शब्द देऊन माणसानं निघून जावं का रे?

तुझा मोबाइल मी चालू ठेवलाय. वहिनीला तो वाजलेला सोसवत नाही, म्हणून माझ्याकडंच असतो. मागच्या महिन्यात एक फोन आला. "कंडक्टर सायेब हायेत का? त्यांनी इचारलेला डबा घावला बगा." वालूरचे केरबा बोलत होते. मला तू नाहीस हे म्हणता येईना. मी म्हणाले, मी त्यांची बहीण, मला सांगा. त्यांनी सगळं सांगितलं. मग मी तू गेल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "तरी या तुमी."

तर तुझी मेहर इतकी वर्षं वालूरच्या बुद्धविहारात होती. तुमचा शेवटचा कार्यक्रम तिथंच झाला होता ना? टेम्पोत जागा उरली नाही, उद्या नेतो म्हणून कुणीतरी ठेवून गेलं, आणि तो उद्या आलाच नाही. गावानं त्याला माईक जोडला. बायकांनी छान खोळ शिवून घातली. त्यांच्या लेखी तो माईकचा डबा. आणि तू त्यांना विचारत होतास, बेस ॲम्प्लिफायर पाहिला का! साध्या मराठीत विचारायचं ना रे! विहार रंगवायला काढला तेव्हा खोळ उतरली, खालची पट्टी दिसली, आणि केरबांना कंडक्टर आठवला.

आधी मी एकटीच जाऊन आले. केरबा खरंच भला माणूस. म्हणाले, "वस्तू तुमचीच हाय, न्हाई म्हणनार न्हाई. पण रोज सांजची वंदना आमी याच्यावरच करायलाव." त्यांची सून सविता शेजारी उभी होती. वंदना तीच म्हणते. तिचा हात डब्यावरून निघाला नव्हता. बिघडला की सेलूहून माणूस बोलावतात, पुसतात, पावसाळ्यात उंचावर ठेवतात. मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते, द्या म्हणून? तू म्हणाला असतास का?

परत येताना बसमध्ये मला एकच सुचलं. डबा खालापर्यंत जात नसेल, तर खालाला डब्यापर्यंत न्यावं.

खालाच्या सुनेला ते पटेना. अम्मीला ऐकूच येत नाही, गुडघे चालत नाहीत, एवढे हाल कशाला म्हणाली. खाला आमच्या तोंडांकडं बघत होती. मी तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, मेहर मिली. तिनं आधी विचारलं, तुझा भाऊ कुठंय? तिला कुणी सांगितलंच नव्हतं, दादा. मलाच सांगावं लागलं. ती माझा हात धरून बसली आणि मग बुरखा आणायला सांगितला.

काल शेजाऱ्यांच्या गाडीतून गेलो. तुझी बेस गिटार मी बरोबर घेतली. रागवू नकोस. मला कधी हात लावू दिला नाहीस तिला. तारा जाड असतात, तुझी बोटं सोलतील म्हणायचास. शेतातला कापूस मी वेचायची तेव्हा नाही वाटायचं का तुला ते?

विहारात सगळ्या बाया जमल्या होत्या. खालाला डब्यासमोर खुर्चीवर बसवलं. पट्टीवरचं नाव या आजीचंच, हे सविता एकेकीला सांगत होती. केरबांनी बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो हे तू मला हजारदा सांगितलेलं, तरी मी केरबांना दोनदा विचारलं, लागलं ना नीट? मग मी सगळ्यात जाड तार अंगठ्यानं ओढली. मला काय येतंय? नुसती ओढली.

खालाला ऐकू आलं नाही. ती तशीच बघत राहिली. मला वाटलं, कशाला आणलं मी हिला? तेवढ्यात सवितानं खालाचा हात उचलून डब्याच्या जाळीवर ठेवला आणि मला म्हणाली, पुन्हा. मी पुन्हा ओढली.

खालानं दुसराही हात ठेवला. डोळे मिटले. म्हणाली, "हौ. यहीच था. दुकान में बजाते तो हमारे घर के बर्तन हिलते थे. मैं लड़ती थी उनसे." आणि हसायला लागली. हसता हसता बुरख्याच्या टोकानं डोळे पुसले. मी तार ओढतच राहिले. माझा अंगठा सोललाच, पण थांबवेना.

नंतर सवितानं गिटार मागितली. माझ्यासारखी ओढली नाही तिनं. वंदनेची चाल मनात धरून एकेक सूर शोधत गेली, आणि चार-पाच सूर सापडलेसुद्धा. मी गिटार तिथंच ठेवून आले, दादा. इथं कपाटावर धूळ खात होती. वहिनीला विचारूनच गेले होते.

येताना गाडीत खालानं विचारलं, तेरा भाई कैसा बजाता था? मी म्हणाले, चांगला. खरंच, कसा वाजवायचास तू? तुमचा कार्यक्रम असला की मी गाणारीकडं बघायची, तिची साडी, तिचा आवाज. तू मागं उभा असायचास. तुझं वाजवणं त्या सगळ्यात कुठं असायचं, मला कधी वेगळं ऐकूच आलं नाही. विचारायचं राहून गेलं. तू तरी कधी सांगितलंस?

जयंतीच्या कार्यक्रमापर्यंत सविता गिटारवर एक गाणं बसवणार आहे. मी जाणार, खालाला घेऊन जाणार. आणि तुला शब्द देते, त्या दिवशी गाणाऱ्याकडं बघणार नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत जाड तारेचा आवाज तेवढा ऐकेन.

तुझी,
शकू