तारीचा ‘होय’

प्रिय अ‍ॅलिस्टर,

आमच्या बेटावर, पोर्ट विलाच्या बाजारात वीस वर्षे हिंडूनही एक कोडे तुला सुटले नाही. “आज पपई नाही?” असे तू विचारायचास. बाई “होय” म्हणायची, आणि तू पिशवी उघडून उभा! पपई काही यायची नाही. मग चिडून मला म्हणायचास, “लेई, तुमच्या लोकांना साधं हो-नाही कळत नाही गं!”

कळत तुला नव्हते. उलगडा इतका सोपा आहे की तो शिकवताना मला आजही आनंद होतो. नकारार्थी प्रश्नाला आम्ही ‘होय’ म्हणतो, तेव्हा विचारणाऱ्याच्या वाक्याला दुजोरा देतो: होय, नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे पाच मिनिटांत समजते. फौजदारी कायदा आणि पुरावा या विषयांचे अध्यासन भूषविणाऱ्या तुला मात्र समजले नाही.

जोसाया तारीला पोलिसांनी आमच्या बिस्लामा भाषेत विचारले, “दुकानाला आग तू लावली नाहीस?” तो म्हणाला, “होय.” तज्ज्ञ म्हणून तू न्यायालयात सांगितलेस, “निःसंदिग्ध कबुली.” त्या एका शब्दावर त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली, आणि तुला पाठ्यपुस्तकाचे सातवे प्रकरण, तीन आवृत्त्या व सिडनीचे पद मिळाले. साक्षीआधी व्हरांड्यात मी तुला अडवले होते. तू माझी बट कानामागे सारून हसलास, “पुराव्याच्या कायद्यात बाजारगप्पा नकोत, लेई.” आणि मी, तुझी सहायक आणि तेव्हा आणखीही बरेच काही, गप्प बसले. माझा तिरस्कार केवळ तुझ्यापुरता नाही, एवढी नोंद घे.

तारीची बहीण मेरेलिन दर रविवारी तुरुंगात केळीच्या पानात भाजलेले लापलाप घेऊन जाते. परवा म्हणाली, “मॅडम, तुमच्या प्रोफेसरांचे कान परदेशी बनावटीचे होते का हो?” मी हसले. ती हसली नाही.

येत्या मंगळवारी त्याचे अपील आहे. मी साक्ष देईन. पण न्यायमूर्तींच्या मेजावर पुस्तक तुझे असेल. तू चुकलास असे सांगणारे प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे. त्यावर सही हवी, म्हणून हे पत्र. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तशी सवय तुला नाहीच. आमच्यापैकी कोणीही उपाशी माणूस गाठ. आधी विचार, “जेवला नाहीस?” मग त्यातला ‘नाही’ काढून विचार, “जेवलास?” दोन्हींना एकच उत्तर आले, तर कागद फाडून टाक. उत्तर बदलले, तर पेन उचल.

एके काळी तुझीच असलेली,
लेइविया