महिपतच्या हाती पाठवलेला डबा

मंडणगड, ता. १२ ऑक्टोबर १९८४

तीर्थस्वरूप भागोजीमामांच्या चरणी केरूचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता खोलीचे जिने चढू देत असेल, अशी आशा आहे. इकडे आई बरी आहे, म्हैस बरी आहे, भात कापायला आलं आहे. मी मात्र बरा नाही, आणि त्याला कारण मुंबईत तुमच्याच खोलीत राहणारा महिपत आहे.

दसऱ्याला आम्ही वाडीतली पोरंपोरी गडावर नारळ फोडायला गेलो. सुट्टीवर आलेला महिपत काळा चष्मा लावून सर्वांच्या पुढे (धुक्यात चष्मा कशाला, हे त्याला कोणी विचारलं नाही), मी मागे. वर टाक्यापाशी बसलो, तेव्हा मालन माझ्याकडे टक लावून बघू लागली. (मालन म्हणजे वरच्या आळीतल्या रावजींची मुलगी. तुम्ही तिच्यासाठी शब्द टाकणार होता, ते लक्षात असेलच.) इतका वेळ तिने माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं, म्हणून मी शर्टाचं वरचं बटण लावलं. तेव्हा ती म्हणाली, "केरू, हलू नको हां. तुझ्या कॉलरवर पान बसलंय, आणि त्याला पाय आहेत."

म्हणजे ती बघत होती किड्याकडे. मला त्याचाही हेवा वाटला, पण तो निदान माझ्या कॉलरवर होता. हुबेहूब हिरवं पान, शिरांसकट. फुंकर मारली की डुलतो, जागा सोडत नाही. वाडीत कोणी असला किडा पाहिलेला नाही. महिपतने तो चिमटीत उचलला आणि म्हणाला, "विलायती आहे. गोदीत बोटींतून उतरतात, ढिगाने." मालन म्हणाली, "होय?" त्या एका "होय"ने माझं जेवण कमी झालं आहे. तेव्हापासून हा रोज रावजींच्या ओटीवर बसून किड्याची माहिती सांगतो. परवा तो विषारी होता, काल औषधी झाला. (किडा मात्र माझ्याकडे, बिस्किटांच्या डब्यात, पेरूची पानं खात असतो.)

महिपतच्या घरूनही मालनला मागणी आहे, आणि रावजी तुळशीच्या लग्नानंतर शब्द देणार आहेत. म्हणून या किड्याचं खरं नाव मला महिपतच्या आधी हवं. तुम्ही शिपाई आहात त्या कॉलेजात टाचण्या टोचलेले किडे आहेत ना, तिथल्या प्राध्यापकांना विचारून कळवावं. इंग्रजी नाव सुट्ट्या अक्षरांत लिहावं. (नववीत मी इंग्रजीमुळेच शाळा सोडली.)

आपला आज्ञाधारक,
केरू

ता. क. पत्र पोस्टाने येईल, पण किडा पोस्टात चेपेल. मुंबईला जाणारा सध्या महिपतच आहे, म्हणून डबा नाइलाजाने त्याच्या हाती देतो. सुतळीच्या गाठी माझ्या आहेत, नीट बघून घ्याव्यात.

ता. क. आत्ता मालन विरजण मागायला आली होती. तिने किड्याचं नाव आधीच ठेवलं आहे: केरू. म्हणाली, "हाक मारली की डुलतो, पण तोंड काही उघडत नाही." मग विरजण विसरून किडाच घेऊन गेली. आता डब्यात फक्त पेरूचं पान आहे. तरी प्राध्यापकांनी ते सावकाश तपासावं, आणि महिपतला रोज कॉलेजात बरोबर न्यावं. रावजींना मात्र तुम्ही लगेच पत्र टाकावं, कारण तोंडाबद्दलचं मालनचं म्हणणं खरं आहे.