सहकाऱ्याचा डावा डोळा

स्वस्ति श्री अखिलनेत्रमंडलाधीश्वरी, मोतिबिंदुमर्दिनी, काचबिंदुकुलान्तकारिणी, उपनेत्रसाम्राज्यसंस्थापिका, गृहपाठपर्यवेक्षणप्रचंडा, कनिष्ठबंधुकर्णपीडनविशारदा इत्यादी बिरुदावलीने मंडित

प्रिय ताई,

प्रकाशशास्त्राच्या एका अंधाऱ्या खोलीतून धाकट्याचा साष्टांग नमस्कार. माझ्या कटिप्रदेशाचा अलीकडचा विस्तार पाहता आठांपैकी सहाच अंगे भूमीस टेकली आहेत; उरलेली दोन टेकल्याचे मोठ्या मनाने मानून घ्यावे. पत्रास कारण काय, हे रीतीप्रमाणे आरंभीच सांगायचे असते. मी ते अखेरीस सांगणार आहे, कारण तेवढे धैर्य गोळा व्हायला मला दोन-तीन पाने लागतात.

ज्या सहकाऱ्याच्या डाव्या डोळ्याचे चित्र मी तुझ्या अभिप्रायार्थ पाठविले होते, त्याचा डोळा निरोगी, निष्कलंक आणि निरपराध ठरला, हे काल दूरध्वनीवरून कळविलेच आहे. तेव्हा पुढील मजकूर चहा घेत, पाय वर करून वाचावा. एवढ्या महत्कार्याची वार्ता मी ‘सहकारी बरा आहे’ या तीन शब्दांत उरकली आणि लगेच हवामानावर घसरलो, हे माझ्या वक्तृत्वाला अशोभनीय होते. म्हणून हा सविस्तर वृत्तांत.

आमच्या यंत्राचे पुराण तू इतक्या वेळा ऐकले आहेस, की मी ‘प्रकाश’ म्हणताच तू जांभई आवरतेस. तरीही. डोळ्यात प्रकाश सोडायचा, दृष्टिपटलाच्या निरनिराळ्या थरांवरून तो किती अंतर काटून परतला हे मोजायचे, आणि सुरी न लावता डोळ्याचा उभा छेद पडद्यावर मांडायचा. तुझ्या दवाखान्यातले यंत्र अख्खे मेज अडवून बसते. आमचे नवे यंत्र चपलांच्या खोक्यात मावेल, कारण त्याचा लेसर नखाएवढ्या चकतीवर बसविलेला आहे. जिथे नेत्रवैद्य पोहोचत नाही तिथे हे खोके पोहोचावे, एवढाच आमचा विश्वविजयाचा मनसुबा. आणि आमच्याकडे एक अलिखित धर्म आहे: यंत्र ज्याने जुळविले, त्याने रुग्णाच्या आधी स्वतःचा डोळा त्यासमोर धरायचा. स्वयंपाक करणाऱ्याने आधी चाखावे आणि मग वाढावे, तसे. या यज्ञात गेली काही वर्षे सर्वांत आज्ञाधारक ठरला तो माझा, क्षमस्व, त्या सहकाऱ्याचा डावा डोळा. त्याचे छेदचित्र ‘निरोगी नमुना’ या मथळ्याखाली आमच्या भिंतीवर चौकटीत लटकते. त्याच्या उर्वरित देहाला असा सन्मान कोणीही दिलेला नाही.

परवा आम्ही लेसरची चकती बदलली. सहकाऱ्याने हनुवटी टेकविली, कपाळ पट्ट्याला लावले, हिरव्या ठिपक्याकडे पाहिले. आता हे सोंग पुरे, ताई. ते तुलाही शोभत नाही आणि मलाही झेपत नाही. हनुवटी माझी होती. पडद्यावर चित्र उमटले आणि त्यात दृष्टिपटलाच्या एका कडेला, मागच्या अंगाने, एक गोल उंचवटा होता. मी पुन्हा चित्र घेतले. पुन्हा उंचवटा. भिंतीवरच्या चौकटीत माझाच डोळा सपाट, सालस, शहाण्या मुलासारखा. आणि समोर हा. असले उंचवटे मी कमी पाहिलेले नाहीत. त्यांच्याविषयी मी परिषदांतून भाषणे ठोकतो, आणि तीही हास्यविनोदासह.

त्या क्षणी मला लेसर आठवला नाही, गणित आठवले नाही. आठवला तो कप. आईने चहा कपाच्या शेजारी ओतला आणि म्हणाली, ‘टेबल हललं.’ टेबल भिंतीला खिळलेले होते. किती महिने ती एका बाजूने मान वळवून आपल्याला फसवीत होती, आणि आपण समजत होतो की तिला मान तिरकी करून ऐकायची सवय लागली आहे. डोळ्याच्या मागे वाढलेली ती गाठ जेव्हा सापडली, तेव्हा डोळा काढण्यावाचून गत्यंतर उरले नव्हते. जीव वाचला, पुढे ती काचेच्या डोळ्यानेही आपल्याला धाकात ठेवीत असे, ही गोष्ट वेगळी. तू त्यानंतर डोळ्यांकडे वळलीस, मी प्रकाशाकडे. दोघेही आपापल्या पदव्या मिरवीत आजतागायत त्या एका कपाभोवती घिरट्या घालीत आहोत.

घरी मी काही बोललो नाही. सौभाग्यवतींना संशय आला तो एवढ्यावरूनच, की जेवताना मी एकही कोटी केली नाही आणि त्यांना शांतपणे जेवता आले. तुला मात्र चित्र पाठविले: एक सहकारी, मध्यमवयीन, तक्रार काही नाही, स्वभावाने गंभीर. तुझा फोन तत्काळ आला. सरळ रेषा वाकड्या दिसतात का त्याला? नाही. डोळ्यासमोर प्रकाश चमकतो? नाही. मग तू विचारलेस, ‘घरात कोणी मोठं माणूस आहे का त्याच्या?’ मी म्हणालो, एक थोरली बहीण आहे, पण ती फार कामात असते. त्यावर तू म्हणालीस, ‘असू दे. तिला वेळ असतो म्हणावं.’ आणि पुढे, ‘उद्या सकाळी दुसऱ्या यंत्रावर तपासून घ्यायला सांग. माझी मैत्रीण आहे तुमच्याकडच्या नेत्ररुग्णालयात, मी बोलून ठेवते. आणि तोवर त्याने नेटवर काहीही वाचायचं नाही. काहीही.’ मी म्हणालो, तो तसा संयमी आहे. तू म्हणालीस, ‘माहीत आहे किती संयमी आहे ते.’ एवढे ऐकूनही मला संशय आला नाही. भीतीने माणसाची बुद्धी कोणत्या पातळीला जाते, याचे हे प्रायोगिक प्रमाण समजावे.

दुसऱ्या दिवशी तुझ्या मैत्रिणीच्या खोलीत पाऊल टाकताच त्या खुर्चीतून न उठता म्हणाल्या, ‘या, सहकारी.’ त्या पुढे म्हणाल्या, ‘तुमच्या ताईंनी बजावून ठेवलंय, की तो विनोद करील, हसू नकोस, हसलीस तर संध्याकाळपर्यंत उठायचा नाही.’ आणि खरोखरच त्या हसल्या नाहीत. मी माझे सर्वोत्तम तीन विनोद त्या खोलीत धारातीर्थी पाठविले. त्यांनी थेंब घातले, बाहुली विस्फारली, त्यांच्या यंत्राने चित्र घेतले, मग भिंग लावून स्वतः पाहिले, बराच वेळ, कड न् कड. मी श्वास कोंडून बसलो होतो. पोटही आपोआप आत गेले होते, हा एक आनुषंगिक लाभ. अखेर त्या म्हणाल्या, ‘काही नाही इथे. स्वच्छ आहे.’ मी म्हणालो, पुन्हा पाहता का? त्यांनी पुन्हा पाहिले. ‘आत्ताही स्वच्छ आहे. आता उठा, बाहेर लोक आहेत.’

विस्फारलेल्या बाहुल्या आणि काळा चष्मा घेऊन मी प्रयोगशाळेत परतलो, तो आमची इलेक्ट्रॉनिक्सची प्रमुख रजेवरून आली होती. प्रत्येक गोष्टीवर शंका काढते म्हणून तिला आम्ही शंकासुर म्हणतो आणि हे तिला आवडते. तिने ते भयंकर चित्र पाहिले आणि विचारले, ‘अहो, हा तुमच्याच डोळ्याचा पडदा आहे ना, दुमडलेला?’ ताई, तिचेच खरे होते. आमच्या यंत्राचा हा जन्मजात दोष आहे. प्रकाश एका ठरावीक रेषेपासून किती अंतरावरून परतला, एवढेच त्याला कळते. रेषेच्या अलीकडून की पलीकडून, हे कळत नाही. डोळा प्रमाणाबाहेर पुढे आला, की दृष्टिपटलाची कड ती रेषा ओलांडते आणि चित्रात उलटी होऊन खाली पडते, जणू काठावरचे झाड पाण्यात. हनुवटीच्या टेकूचा स्क्रू सैल होता. माझ्या मस्तकाच्या भाराने टेकू हळूहळू भिंगाकडे सरकत गेला आणि माझी स्वतःचीच कड उलटी होऊन माझ्यावर चाल करून आली. हा दोष मी नवागतांना पहिल्याच दिवशी शिकवितो. दुसऱ्या कोणाच्या डोळ्यात तो मी चहाचा घोट घेता घेता ओळखला असता. शंकासुर म्हणाली, ‘तुम्ही टेकू तपासला नाहीत?’ मी म्हणालो, मी मृत्युपत्राचा मसुदा तपासत होतो. ती म्हणाली, ‘मग यापुढे आपापल्या डोळ्याचं चित्र दुसऱ्याने वाचायचं.’ आमच्या अलिखित धर्मात हे कलम त्याच दुपारी दाखल झाले.

आता पत्रास कारण. तू मला प्रथमपासून ओळखले होतेस, हे ‘या, सहकारी’ ऐकले तेव्हाच उमगले. तरीही काल मी तुला सांगितले ते ‘सहकारी बरा आहे’ असेच, आणि तूही माझे सोंग मोडले नाहीस. ‘बरं झालं’ एवढेच म्हणालीस. मी हवामानाकडे वळलो. तेवढ्यात तुझ्याकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि तू बसल्याचा. ताई, म्हणजे तोवर तू उभी होतीस. तपासणी सकाळी झाली होती, आणि मी मूर्ख, आधी शंकासुराशी वाद घालून, जेवून मग तुला फोन केला होता. तेव्हापासून तो खुर्चीचा आवाज माझ्या कानात आहे. ‘टेबल हललं’ म्हणणारी एक व्यक्ती आपल्या घरात होऊन गेली, तेवढी पुरे. म्हणून स्वच्छ शब्दांत आणि स्वहस्ते लिहितो: डोळा माझा होता, भीती माझी होती, आणि आता काही नाही. खरोखरच काही नाही. बस.

तुझाच,
सपाट, सालस आणि निरोगी,
नमुना

ता. क. तो स्क्रू अद्याप सैलच आहे. भांडारप्रमुख म्हणतात, सुटा स्क्रू मिळत नाही, अख्खा टेकू मागवावा लागेल. आणि टेकू मागवायचा तर आधीचा मोडलेला असल्याचे दाखवावे लागेल. तो मोडलेला नाही, केवळ सैल आहे. सध्या आम्ही तो रबरबँडने बांधला आहे आणि रबरबँडही ताणून ताणून माझ्यासारखाच झाला आहे. तुझ्या अडगळीत एखादा जुना टेकू असेल तर पाहा. पण माझी हनुवटी मावेल असा. मागच्या खेपेस तू दिलेला लहान मुलांचा निघाला होता.