एका जिवाचं दळण

माय, आज तुझ्यावर राग काढायला बसले आहे. तू जाऊन अकरा वर्षं झाली, तरी गावात कुणाचं काही बिनसलं की तुझंच नाव निघतं, आणि ते ऐकून घ्यायला इथं मी असते.

गिरणी म्हणजे एक मोटर, एक पट्टा आणि दोन दगड, एवढंच मला वाटायचं. अप्पा गेल्यावर तू ती चालवायला घेतलीस. दिवाळी सरली की टोळ्या ऊसतोडीला निघतात, भांडीकुंडी आणि लेकरं ट्रॉलीत चढतात, मागं उरतात म्हातारी माणसं. मी बारावीला होते तेव्हा त्यांतली एक आजी पदरात शेरभर ज्वारी घेऊन आली. मी तोंड वाकडं केलं. म्हणाले, ‘एवढ्यासाठी मोटर लावायची का?’ तू चार बायांच्या देखत ओरडलीस, ‘तिला कशाला बोललीस? एक जीव हाय तिचा, एका जिवाचंच दळण आणणार. जा, पीठ घरी पोचवून ये.’ भर उन्हात मी तिच्या मागं रडत चालत गेले. माफी मागितली नाही, तिचीही नाही अन् तुझीही नाही.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी, दळण चालू असताना, तू अचानक मोटर बंद केलीस. ‘आजी आली न्हाई. काल यायची व्हती.’ रांगेतल्या बाया कुरकुरल्या. तू पिठानं पांढरी झालेली, तशीच निघालीस. आजी न्हाणीत पडली होती, मांडीचं हाड मोडून, आदल्या दिवसापासून. तू टेम्पो थांबवून तिला केजच्या दवाखान्यात नेलंस. ती वाचली, पुढं चार वर्षं काठी टेकत येत राहिली. मी विचारलं, तुला कसं कळलं? तू पट्टा चढवता चढवता म्हणालीस, ‘तिचं पीठ कवा सरतं ते मला ठावं हाय. दुसऱ्या कुणाला ठावं असणार?’

मी सासर सोडून आले तेव्हा तू काहीच विचारलं नाहीस. गिरणीची किल्ली माझ्या हातात ठेवलीस आणि चहा टाकायला गेलीस. तेवढ्यासाठी मी तुला जन्मभर मानते. पण त्या किल्लीसोबत काय काय गळ्यात पडणार, ते सांगायचं होतंस. तुझ्या दहाव्याला लोक किती गोड बोलले! मग एकेकाच्या घरी दळायला घरघंटी आली, किराणा दुकानात पिठाची पाकिटं आली. दहा वर्षं मी गिरणी ओढली. शेवटी दिवसभर बसून दोन डबे यायचे, तेही त्याच म्हाताऱ्यांचे. मागच्या उन्हाळ्यात मोटर जळाली, ती मी दुरुस्त केली नाही. गाळा मोबाईलवाल्याला दिला. आता तिथं दिवसभर गाणी वाजतात.

ह्या हिवाळ्यात वेशीजवळचे म्हातारे मामा, साऱ्या गावाचेच मामा, वारले. घरात एकटेच होते, लेक आणि सून कर्नाटकात तोडीला. तीन दिवसांनी कुणाची तरी शेळी आत शिरली, तिला हाकलायला शेजारीण गेली, तेव्हा कळलं. मातीला आलेले लोक माझ्याकडं बघून म्हणाले, ‘तुजी माय आसती तर आसं झालं नसतं.’ माझं डोकंच फिरलं. म्हणाले, ‘मग पिठाचं पाकीट कशाला आणत व्हता तुमी?’ मग एक म्हातारी हळूच म्हणाली, ‘पोरी, पाकीट बरं पडतं.’ त्यात खोटं काय आहे? मीसुद्धा पाकीटच आणते.

दोन दिवसांनी मामांचा लेक येऊन माझ्या ओट्यावर बसला. कोयता धरून हात फुटलेले, डोळे कोरडे. म्हणाला, ‘आक्का, तुमची गिरणी चालू आसती तर तुमच्या ध्यानात आलं आसतं.’ मी मान डोलावली. गिरणी बंद पडली म्हणून असं झालं, हे सगळ्यांनाच सोयीचं आहे, मलाही.

पण माझ्या ध्यानात आलं होतं, माय. मामा रोज सकाळी माझ्या दारावरून चहाला जात. त्या तीन दिवसांतल्या पहिल्याच सकाळी ते गेले नाहीत. मी मेथी निवडत बसले होते, हात थांबला. उठून पायात चप्पलसुद्धा घातली. मग मनात आलं, आता गिरणी नाही, आता हे माझं काम नाही. चप्पल काढली आणि परत खाली बसले. डॉक्टर म्हणाले, जीव कधी गेला ते नक्की सांगता येत नाही. मी त्यांना दुसऱ्यांदा विचारलं नाही.

हे त्या लेकाला सांगितलेलं नाही. तू जिवंत असतीस तर तुलाही सांगितलं नसतं.